ओरेगनचे काका

मी त्यांच्या घरी राहायला गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना काका म्हणाले, "आमच्या गावचा पूल बंद केलाय. दुरुस्तीला काढलाय म्हणे."

काका मूळचे गुहागरकडचे, हे काकूंनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, "मग लोकांनी पलीकडे जायचं कसं?"

"वरून. मोठा वळसा पडतो. मासेवाल्यांची पंचाईत झाली."

"होडी नाही का?"

"होडी केव्हाच बंद पडली. होडीवाला वारला, मग थोडे दिवस त्याच्या मुलीनं चालवली. पुढे तिला पोस्टात चिकटवली."

पंधरा दिवस मी हे गाव कोकणातलंच धरून चालले होते. खाडी होती, मासे होते, लाकडाच्या वखारी होत्या, आठ-आठ दिवस न थांबणारा पाऊस होता आणि दोन घराण्यांचं तीन पिढ्यांचं भांडणही होतं. मग एकदा ते म्हणाले, की चीजच्या कारखान्यावरून गावातल्या दोन चर्चमध्ये फूट पडली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"काका, हे तुमचं गाव नक्की कुठे आहे?"

"ओरेगनमध्ये," काका म्हणाले. "अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला."

काकू ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. मागं न वळता म्हणाल्या, "मला लग्नानंतर कळलं. तू निदान भाडेकरू आहेस, सोडून जाऊ शकतेस."

मी सोडून गेले नाही. सिंगापुरात, सेंगकांगमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी चार वर्षं काढली. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायचं माझं काम होतं. दिवसभर स्क्रीनकडे बघून घरी यायचं, आणि जेवताना ओरेगनच्या त्या गावात शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या गिरणीला आग लागली ते ऐकायचं. गिरणी म्हणजे लाकूड कापायची. तिथं दुसरी कुठली नव्हतीच.

काकांच्या बैठकीच्या खोलीत दोन घड्याळं होती. एक सिंगापूरचं, एक गावचं. सकाळी आठला नाश्त्याला बसले की दुसऱ्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, "तिथं अजून कालचाच दिवस चालू आहे. दुकानं बंद व्हायची वेळ झाली." भिंतीवर गावाचा नकाशा होता, त्यांनी स्वतः काढलेला. काका जहाजावर इंजिनिअर होते, नंतर जुरोंगच्या एका शिपयार्डात नोकरीला लागले, त्यामुळे नकाशा यंत्राच्या ड्रॉइंगसारखा होता. प्रत्येक घराला नंबर आणि बाजूला बारीक अक्षरात घराची हकीकत. जे घर पडलं ते तुटक रेघेनं, जे जळलं त्यावर फुली. त्यांच्या अक्षराचा त्यांना फार अभिमान होता. "माझी नक्कल म्हणजे नक्कल," असं म्हणायचे. "मूळ हरवलं तरी चालेल."

मेलेल्या माणसांबद्दल ते वर्तमानकाळात बोलायचे. "डॉक्टर तसा बरा आहे, पण पितो," म्हणायचे. हा डॉक्टर पहिल्या महायुद्धाच्या आधीच वारलेला. सुरुवातीला मला भीती वाटली, की यांना खरंच काही कळेनासं झालं आहे की काय. पण तसं काही नव्हतं. मीटरचं वाचन, काकूंच्या गोळ्या, माझ्या वर्क पासच्या नूतनीकरणाची तारीख, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. गावातली माणसंही त्याच ध्यानात होती, एवढंच.

माणसांना मूळ गाव विचारणं हा दुसरा नाद. टॅक्सीत बसल्यावर पट्टा लावायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचे. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, कॉफीवाल्या चिनी म्हाताऱ्याला विचारून विचारून त्याच्या आजोबांच्या बेटापर्यंत पोचले होते. पगडीवाला सरदारजी दिसला की विशेष. मग तो बसच्या रांगेत असो की दवाखान्यात, काका उठून त्याच्याशेजारी जाऊन बसणार आणि विचारणार, "तुमच्या घराण्यात सग्घर सिंग नावाचे कोणी होते का? जुन्या काळात, नदीकाठच्या गोदामावर वॉचमन?" कुणी हसून नाही म्हणायचं, कुणी जागा बदलायचं. काकू पर्समधून काहीतरी शोधत असल्यासारखं करायच्या.

एका वर्षी सिंगापूरच्या मराठी मंडळानं त्यांना भाषणाला बोलावलं. "समुद्रावरचे अनुभव" असा विषय दिला होता. वादळं, बंदरं, चाचे असं काहीतरी लोकांना अपेक्षित असावं. काकांनी वादळावर दोन वाक्यं बोलून जहाज ओरेगनला लावलं आणि पाऊण तास चीजच्या कारखान्याचं भांडण सांगितलं. मागच्या रांगा हळूहळू जेवणाकडे सरकल्या. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. काकांनी चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता दुसऱ्या चर्चची बाजू." शेवटी समोर मी, काकू आणि माइकवाला उरलो. घरी येताना ट्रेनमध्ये काकू म्हणाल्या, "दुसऱ्या चर्चचंच बरोबर होतं मला वाटतं." काका खुलले आणि सेंगकांग येईपर्यंत दोघं त्यावर बोलत होते. त्या दिवशी मला त्यांच्या संसाराचा थोडा अंदाज आला.

हे सगळं सुरू कसं झालं ते काकूंनीच मला सांगितलं. काकांना विचारलं तर ते गावाच्या स्थापनेपासून सुरुवात करत.

लग्नाआधीची गोष्ट. काका लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या एका जहाजावर थर्ड इंजिनिअर होते. ओरेगनच्या त्या बंदरात ओंडके भरत असताना इंजिन रूमच्या शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जहाज जपानला निघून गेलं. शिपिंग एजंटनं त्यांना गावातल्या लहानशा इस्पितळात ठेवलं आणि तिथून सुटल्यावर एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. बाई एकट्या होत्या. गावाचा इतिहास जमवायची एक संस्था त्या चालवत. संस्था म्हणजे त्या, आणखी चार म्हाताऱ्या आणि खोकी. प्लॅस्टरमधला हा कोकणातला मुलगा खिडकीतून दिवसभर पाऊस बघत रडकुंडीला आलेला. बाईंनी तिसऱ्या दिवशी जुन्या फोटोंचं एक खोकं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "पाय मोडलाय, हात नाहीत मोडले. मागं लिहिलेली नावं नीट अक्षरात वहीत उतरव."

चार महिने तो नावं उतरवत बसला. आणि माणूस ज्या वस्तीची नावं चार महिने लिहितो, त्या वस्तीचा होऊन जातो. निदान काका झाले.

त्या खोक्यात एक फोटो होता. लाकडाच्या थप्पीपुढे उभे असलेले सात पगडीवाले. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या लाकडाच्या गिरण्यांत पंजाबातून गेलेले पुष्कळ मजूर होते, हे मलाही तेव्हाच कळलं. फोटोबरोबर एक पोस्टकार्ड होतं, कधीच न टाकलेलं. मजकूर गुरुमुखीत. पत्त्यात इंग्रजी शब्द दोनच, 'वॉचमन' आणि 'सिंगापूर'. बाई म्हणाल्या, "साठ-सत्तर वर्षं हे कुणाला वाचता आलेलं नाही. तू इंडियन ना? वाच."

काकांना वाचता येईना. ते बाईंना सांगत राहिले, की इंडियात लिप्या पुष्कळ आहेत, माझी वेगळी आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून नुसतं पाहिलं. तो चेहरा काका म्हातारपणीही करून दाखवायचे. मग त्यांनी एका पांढऱ्या कागदावर ते कार्ड अक्षर न अक्षर उतरवून घेतलं आणि कबूल केलं, की वाचणारा शोधीन आणि पत्र पोचतं करीन.

वाचणारा पुढच्या जहाजावरच भेटला, पंजाबी रेडिओ ऑफिसर. इंदर नावाच्या धाकट्या भावानं थोरल्या भावाला लिहिलं होतं. छातीत दुखतं, खोकला राहत नाही, मांला सांगू नकोस. बरा झालो की येतो. माझ्यावरचा राग सोड. थोरल्याचं नाव वाचताना रेडिओ ऑफिसर जरा अडखळला. "सग्घर सिंग. असं नाव मी ऐकलेलं नाही, पण लिहिलंय तसंच," तो म्हणाला.

"लोक सिंगापूरला नोकरीसाठी येतात," काकू म्हणायच्या. "हे पत्र टाकायला आले, आणि आलोच आहोत तर म्हणून नोकरी धरली."

हे विनोदानं म्हणायच्या, पण अगदीच खोटं नव्हतं. काकांना मुंबईतही चांगली जागा मिळत होती. ते सिंगापूरला आले, आणि तीस-पस्तीस वर्षं सग्घर सिंगांना शोधत राहिले. गुरुद्वाऱ्यात गेले, जुन्या वॉचमनांच्या मुलांना भेटले, नदीकाठी जिथं आता उपाहारगृहं आहेत तिथल्या जुन्या हमालांना विचारलं. सग्घर सिंग कुणालाच माहीत नव्हते. तिकडे ओरेगनमध्ये शिक्षिकाबाई वारल्या, संस्थेचं छप्पर गळायला लागलं म्हणून खोकी कुणाच्या तरी गोठ्यात गेली. तरी दर तिमाहीला संस्थेचं आठ पानी पत्रक काकांना येत राहिलं आणि दर तिमाहीला काका त्यातल्या चुका कळवत राहिले.

दोन हजार तेरा साली त्या संस्थेत एक नवीन बाई आल्या आणि त्यांनी खोकी बाहेर काढून सगळं स्कॅन करायला घेतलं. एका शनिवारी सकाळी काकांना त्यांची ईमेल आली. काकांना जोडलेली फाइल उघडेना, म्हणून मला हाक मारली. मी लॅपटॉपवर उघडली. तेच पोस्टकार्ड, मूळचं, पिवळं पडलेलं. काका खुर्ची ओढून बसले. चाळीस एक वर्षांनी ते कार्ड पाहत होते. मग त्यांनी कपाटातून आपली नक्कल काढली आणि शेजारी धरली.

"बघ," म्हणाले, "मुंगीएवढा फरक नाही."

माझ्या टीममध्ये लुधियानाची एक मुलगी होती. मी सहज म्हणून तिला स्कॅन पाठवलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली आणि तिनं सगळं वाचून दाखवलं. वर तिनं वाचलं, "मग्घर सिंग."

"सग्घर," मी म्हटलं.

"नाही गं, मग्घर. जुनं नाव आहे, मार्गशीर्षात जन्मलेल्यांचं. हा बघ, डोकं उघडं आहे. वर पूर्ण रेघ असती तर 'स' झाला असता."

तिनं कागदावर दोन्ही अक्षरं काढून दाखवली. पंजाबी 'म' वरून उघडा असतो. वरची रेघ पूर्ण केली की तो अगदी आपल्या मराठी 'म'सारखा दिसतो, आणि पंजाबीत मात्र त्याचा 'स' होतो. काकांनी तो उघडा 'म' पाहिला होता, आणि त्यांच्या हातानं, लहानपणापासून जसा गिरवला तसा, वरची रेघ ओढून टाकली होती. पत्राच्या मजकुरात रेडिओ ऑफिसरनं अंदाजानं सुधारून वाचलं असणार. नावाचा अंदाज कसा करणार.

संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा काकांनी भिंग घेऊन नक्कल पाहिली, मग स्कॅन पाहिलं. मग नक्कल. काकूंनी जेवायला हाक मारली तर उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी 'म'च काढला होता गं. आपला 'म' काढला."

काकू येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. एरवी त्यांच्याजवळ दर प्रसंगाला एक टोमणा असायचा. त्या दिवशी नव्हता.

त्यानंतर शोध लागायला तीन आठवडे पुरले. गुरुद्वाऱ्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना मग्घर सिंग हे नाव लगेच आठवलं. गोदामावरचे, उंच, फार रागीट. मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगी आहे, ऐंशीच्या पुढची, सुनेजवळ राहते. सेंगकांगपासून बसनं वीस मिनिटांवर.

मध्ये एवढंच सांगते, की काका जाऊन आता काही वर्षं झाली. मी पुण्याला परत आल्यावरच्या पुढल्या वर्षी ते गेले, झोपेत, फार त्रास न होता. गावच्या पत्रकात त्यांच्यावर अर्धं पान आलं. त्यांचं नाव बरोबर छापलं होतं, फोटो मात्र चुकून दुसऱ्याच कुणाचा पडला, आणि पुढच्या अंकात काकूंनी ती चूक कळवल्याचं छापून आलं. आता काकूंना पत्रक येतं. फोनवर त्या मला पुलाचं सांगतात.

तर त्या रविवारी दुपारी आम्ही तिघं निघालो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्कॅनची मोठी रंगीत प्रत मी काढून आणली होती. काकांनी तिच्याबरोबर आपली जुनी नक्कलही घेतली, ते काकूंनी पाहिलं.

"ती कशाला?" काकू म्हणाल्या. "नाव चुकलं होतं हे त्यांना सांगायची काय गरज? पत्र मिळालं, आणून दिलं. बास."

"चाळीस वर्षं माझ्याजवळ होतं," काका म्हणाले.

"तुम्ही काय लपवून ठेवलं होतं?"

काकांनी नक्कल पाकिटात घातली.

सुनेनं दार उघडलं. शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या बाई, बोलणं सगळं सिंगापुरी इंग्रजीत. "कम, कम, मम्मी वेटिंग सिन्स मॉर्निंग, ला," म्हणत त्यांनी आम्हाला आत नेलं. आजीबाई खिडकीजवळ खुर्चीत होत्या, पांढरी ओढणी, पाय स्टुलावर. त्या हिंदी, पंजाबी आणि मलय एकत्र बोलत. मी इथं मराठीतच सांगते.

काकांनी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांना गुरुमुखी वाचता येत होतं. त्यांनी चष्मा नीट केला आणि मनात वाचलं, ओठ हलवत. दोनदा वाचलं.

"इंदर," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात हे नाव घ्यायची बंदी होती."

त्यांनी सांगितलं, की इंदर थोरल्याशी भांडून अमेरिकेच्या बोटीवर चढला. वर्षभर पत्रं येत होती, मग थांबली. मग्घर सिंगांनी खूप वाट पाहिली, आणि मग धरून चालले, की त्यानं केस कापले, गोरी बायको केली आणि आईला विसरला. घरात कुणी हट्ट केला की म्हणायचे, इंदरवर गेलास. "मी माझ्या मनानं लग्न केलं तेव्हा मलाही म्हणाले. मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. इंदरवर गेली, म्हणाले."

काकूंनी काकांकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली: आता तरी गप्प राहा.

काकांनी पाकिटातून नक्कल काढून त्यांच्यासमोर ठेवली. आणि सगळं सांगितलं. कार्ड कधी पाहिलं, कधी उतरवलं, कुठे रेघ जास्त ओढली, किती वर्षं चुकीच्या नावानं हिंडलो. गाळलं काही नाही. "तुमचे वडील मी यायच्या आधीच गेले होते," ते म्हणाले. "पण तुमचा भाऊ होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत होता. माझं अक्षर बरोबर असतं तर त्याला हे वाचायला मिळालं असतं. त्याची मी माफी मागायला आलोय."

आजीबाईंनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि एका नावावरून दुसऱ्या नावावर बोट नेलं. सून हातात ट्रे घेऊन दारात तशीच उभी.

"माझा भाऊ बापूंसारखाच होता," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यानं तुम्हाला दारात उभं केलं नसतं. कागद फाडला असता." मग नक्कल काकांच्या हातात परत दिली. मूळ कार्डाची प्रत ठेवून घेतली. "पुढं काय झालं त्याचं? तुम्हाला माहीत आहे?"

काकांना माहीत होतं. गावच्या साप्ताहिकात आलेली बातमी त्यांना पाठ होती. त्यात नाव नव्हतं, नुसतं 'गिरणीतला एक हिंदू' असं होतं. तिकडे तेव्हा सगळ्यांनाच हिंदू म्हणत. पण तारीख कार्डावरच्या तारखेनंतर अकरा दिवसांची होती, आणि त्या वर्षी त्यांच्यातलं दुसरं कुणी गेलं नव्हतं. फुप्फुसाचा आजार. सोबत्यांनी दहन करायचं म्हटलं, तर गावातले लोक बिथरले, असं कधी झालं नव्हतं. पिणारा डॉक्टर मध्ये पडला आणि त्यानं परवानगी मिळवून दिली. नदीकाठी, गिरणीच्या खालच्या अंगाला, देवदाराच्या फळ्यांची चिता रचली. सगळं गाव बघायला आलं. शिक्षिकाबाईंची आई तेव्हा तरुण होती, तिला शेवटपर्यंत त्या लाकडाचा वास आठवत होता. सहाही सोबती रात्र होईपर्यंत तिथं बसून होते. आता तिथं होड्या पाण्यात सोडायचा उतार आहे.

आजीबाई एकेक गोष्ट नीट विचारून घेत होत्या. नदी केवढी? लाकूड कसलं? अग्नी कुणी दिला? शेवटचं बातमीत नव्हतं, काकांनी तसं सांगितलं.

"तिकडे पाऊस फार, तुम्ही म्हणालात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाऊस होता का?"

"नव्हता," काका म्हणाले. "त्या आठवड्यात उघडीप होती. बातमीत लिहिलंय, आकाश स्वच्छ होतं, वारा पडलेला होता."

आजीबाईंनी मान हलवली. प्रतीची घडी घालून ओढणीखाली छातीशी धरली.

"मग नीट जळला असेल," त्या म्हणाल्या, आणि सुनेला चहा आत आणायला सांगितलं.